फराळाचे ताट आणि श्रमाचा हिशेब

दसऱ्याचे सोने वाटून होते न होते तोच मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी एक ठराविक वाद रंगू लागतो. दिवाळीचा फराळ घरी करावा, की विकत आणावा? एक पक्ष म्हणतो, फराळ विकत आणणाऱ्या घरातून आपली संस्कृती हद्दपार झाली. दुसरा म्हणतो, काळ बदलला. नोकरी करणाऱ्या स्त्रीने मागणी नोंदवावी आणि मोकळे व्हावे. दोन्ही बाजूंचे लेख एकाच पानावर शेजारीशेजारी छापले जातात आणि त्यांच्या खाली तयार फराळाची जाहिरात असते. दोघांचेही समाधान होते. जाहिरातदाराचे सर्वांत अधिक. या साऱ्या चर्चेत एकच प्रश्न कोणी विचारीत नाही. कढईसमोर उभी कोण आहे, किती तास उभी आहे आणि तिला त्याचे काय मिळते?

आमचे म्हणणे असे आहे की, हा वाद मुळात श्रमाचा आहे. ज्या पक्षाने श्रमाचा प्रश्न आपला मानला, त्याने तो रविवारच्या पुरवण्यांवर सोपवून मोकळे होणे म्हणजे आपल्या कर्तव्यात कसूर करणे होय.

हा आपला प्रश्न आहे

आपल्यातले काही साथी यावर हसतील. देशापुढे बेकारी आहे, कंत्राटी पद्धतीचा वरवंटा फिरतो आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नाहीत, आणि तुम्ही चकलीवर लेख कसले लिहिता, असे ते विचारतील. त्यांना आम्ही आपल्याच चळवळीच्या इतिहासातील दोन गोष्टींची आठवण करून देऊ.

पहिली १९७२ ची. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एका व्यासपीठावर आल्या आणि हजारो बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल हे त्यांच्या लढ्याचे विषय होते. मोठमोठ्या सिद्धांतांनी ज्या बायकांना कधी हलविले नव्हते, त्यांना रिकाम्या डब्यांनी हलविले. ज्या लाटण्याला घरकोंबडेपणाची खूण समजून हिणवले जाई, तेच मंत्र्यांच्या दारात निशाण झाले.

दुसरी गोष्ट बोनसची. गिरणगावातल्या दिवाळीचा फराळ बोनसच्या पैशावर होत असे, हे तेथील प्रत्येक जुन्या घराला ठाऊक आहे. १९६५ च्या कायद्याने किमान बोनस चार टक्के ठरविला. कामगारांच्या रेट्यामुळे तो ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे वर्षाकाठी एका महिन्याच्या वेतनाइतका झाला. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा ज्या हक्कांवर सरकारने लगोलग हात टाकला, त्यांत ८.३३ टक्क्यांच्या किमान बोनसचा हक्क होता. १९७७ साली तो परत मिळाला. आणि १९८१ च्या दिवाळीत मुंबईच्या गिरण्यांत जो असंतोष उसळला, तोही बोनसवरूनच. त्यातूनच १८ जानेवारी १९८२ पासूनचा सुमारे अडीच लाख कामगारांचा संप उभा राहिला. तेव्हा फराळाचे ताट आणि वर्गलढा यांचा संबंध काय, असे कोणी विचारू नये. तो संबंध जुना आहे. विसर पडला आहे तो आपल्याला.

घरचा फराळ: कोणाच्या कष्टावर?

आता संस्कृतिरक्षकांकडे वळू. घरच्या फराळाची चव दुकानच्या फराळाला नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांला सर्वस्वी मान्य आहे. पण ही चव येते कोठून?

चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ धुऊन, वाळवून, प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगळे भाजावे लागते, धणे-जिरे निराळे. मग दळण. मग उकळते मोहन घालून पीठ मळणे आणि सोऱ्या दाबून दाबून मनगट भरून येईपर्यंत चकल्या पाडणे. बेसनाच्या लाडवासाठी पीठ तासभर हात न थांबविता परतावे लागते. हात थांबला की ते तळाला लागते. अनारशांना तर तीन दिवस तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत वाळवून कुटायचे, वस्त्रगाळ करायचे, गूळ घालून पुन्हा काही दिवस मुरवायचे. आणि एवढे करूनही तुपात सोडताच अनारसा विरघळला, तर दोष बाईच्या हाताचा! करंजीचा साठा, शंकरपाळ्यांचे कातण, चिवड्याची फोडणी, शेवेचा घाणा. हे सारे रोजच्या दोन वेळच्या स्वयंपाकाच्या, पाण्याच्या, मुलांच्या आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या कामावर चढविलेले अधिकचे काम आहे. शिवाय घराची झाडलोट आणि रंगसफेदी याच पंधरवड्यात उरकायची असते.

कारखान्यात पाळी संपल्यावर थांबून काम केले, तर दुप्पट दराने वेतन मागण्याचा हक्क आपण लढून मिळविला. घरात मात्र जादा कामाला ‘हौस’ म्हणतात. हा शब्द आपण नीट ओळखला पाहिजे. ज्या कामाचे दाम द्यायचे नसते, त्याला आपला समाज गोड नावे देतो: हौस, माया, हाताची चव, घरची लक्ष्मी. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, असे दिसले. पुरुष ९७ मिनिटे. हे झाले जे पुरुष असे काम करतात त्यांचे. मुळात असे काम दिवसभरात जराही करणारे पुरुष शंभरात सव्वीस निघाले, आणि स्त्रिया एक्याऐंशी. ही सरासरी वर्षाच्या साध्यासुध्या दिवसांची आहे. सणाच्या पंधरवड्यात हा काटा कोणत्या बाजूला झुकत असेल, ते सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

मराठीत ‘वाटणे’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. पाट्यावर वाटतात तेही वाटणे, आणि चार घरी देतात तेही वाटणे. आपल्या घराघरांतली रीत अशी की, पहिले वाटणे बाईचे आणि दुसऱ्या वाटण्याचा मान घराण्याचा. ‘अमक्यांचा फराळ छान असतो’ असे गल्लीत म्हणतात, तेव्हा ते अमके म्हणजे दारावरच्या पाटीवरचे नाव असते. ज्या हाताला चटका बसला, त्याचे नाव पाटीवर नसते. संस्कृती टिकवायची असेल तर जरूर टिकवा. मात्र ती टिकविण्याचा सारा बोजा एकीच्या पाठीवर टाकून तिचा गौरव करणारे भाषण तेवढे आपण करायचे, हे ढोंग आता पुरे झाले.

विकतची मोकळीक

मग दुसरा पक्ष बरोबर आहे काय? विकत घ्या आणि मोकळ्या व्हा, हा उपदेश वरवर पाहता स्त्रीमुक्तीचा वाटतो. पण चकली यंत्रातून पडली तरी ती आपोआप तळली जात नाही. कोणी तरी ती तळतेच. बँकेत काम करणारी बाई मोकळी झाली, याचा अर्थ कढईसमोरची जागा रिकामी झाली असा नाही. तेथे दुसरी बाई येऊन उभी राहिली, एवढेच. ही दुसरी बाई कोण? गिरणी बंद पडून घरी बसलेल्या कामगाराची बायको, सून, लेक. शेतीत भागत नाही म्हणून शहरात आलेली विधवा. मुलांना सांभाळून जे मिळेल ते काम करू पाहणारी चाळीतली गृहिणी. ती बहुधा नगावर किंवा किलोवर राबते. तिच्या नावाचा हजेरीपट नाही, तिला सुटी नाही, भाजले तर भरपाई नाही, आणि लक्ष्मीपूजन झाले की तिचे काम संपले.

एक साधा हिशेब मांडून पाहा. समजा, दुकानदार तिला किलोमागे तीस रुपये देतो आणि ती दिवसाकाठी दहा किलो चकली तळते. हाती आले तीनशे रुपये. आता त्यातून स्वतःचा गॅस वजा करा. भाजणी भाजण्यात, दळून आणण्यात गेलेला आदला दिवस मोजा. मोडलेल्या चकल्या दुकानदार वजनात धरीत नाही, त्या वजा करा. दळण आणून देणाऱ्या मुलाचा आणि पुड्या बांधणाऱ्या सासूचा वेळ तर कोणी मोजतच नाही. उरले काय, हे वाचकांनीच सांगावे. मग त्याच चकलीच्या पाकिटावर ‘घरगुती’ असा ठसा मारून ती किती भावाने विकली जाते, ते दुकानात जाऊन पाहावे. ‘घरगुती’ या शब्दाची किंमत गिऱ्हाईक मोजते आणि दुकानदार घेतो. जिच्या घरामुळे तो शब्द खरा ठरला, तिच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. आपले घर, आपली वीज आणि आपली भांडी ती धन्याला फुकट वापरू देते. असा कारखाना कोणत्या भांडवलदाराला नको असेल?

कायद्याने या बाईची दखल अगदीच घेतली नाही असे नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तर १९९६ सालीच अशा कामगारांसाठी करार केला. भारताने त्याला आजवर मान्यता दिलेली नाही. व्याख्या झाली, दर कोणी ठरविला नाही.

आणि तिसरी एक बाई आहे, जी या वादात कोणाच्याच खिजगणतीत नसते. घरी फराळ करणाऱ्या ताईंची भांडी घासायला जी येते, ती. तळणीच्या दिवसांत तिची भांडी दुप्पट होतात. पाडव्याला तिच्या हातावर फराळाची पुडी ठेवतात आणि एखादी वापरलेली साडी. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल. आम्ही त्याबद्दल शंका घेत नाही. पण जो माणूस आपल्या कचेरीत बोनस हा हक्क आहे म्हणून घोषणा देतो, त्यानेच घरी आल्यावर तोच बोनस चकली-लाडवांच्या पुडीवर भागवावा, ही कोणती समाजवादी नीती? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या कायद्याची वाट न पाहताही एका महिन्याचे वेतन दिवाळीला देणे प्रत्येकाच्या हातचे आहे.

तेल कोणाचे, भाव कोणाचा?

फराळाची कढई चुलीवर चढण्याआधी बाजारातून जाते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. त्यातले पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियाचे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून एकदम २७.५ टक्क्यांवर नेले. दिवाळीला तेव्हा जेमतेम दीड महिना उरला होता. सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा, असे कारण सांगण्यात आले. कारण चांगले होते. शेतकऱ्याला दाम मिळणार असेल, तर शहरातल्या कष्टकऱ्याने दोन पैसे जास्त मोजावेत, असे सांगायला आपला पक्ष कचरणार नाही. पण घडले काय? त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि विदर्भ-मराठवाड्याच्या बाजार समित्यांत शेतकऱ्याच्या पदरात त्याहून कमी पडत होते. शहरातल्या बाईला तेल महाग झाले आणि गावात सोयाबीन खुरपणाऱ्या, कापणाऱ्या बाईच्या मालाला हमीभावही नाही. या दोघींच्या मध्ये जो बसला होता, त्याची दिवाळी मात्र झाली.

गरिबांच्या फराळाची काळजी सरकारलाही अधूनमधून वाटते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ आणला: शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभरा डाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. अनेक ठिकाणी तो वेळेवर पोहोचला नाही म्हणून तक्रारी झाल्या. तरीही लोकांनी रांगा लावल्या, कारण गरज खरी होती. पुढे निवडक सणांना तो दिला गेला. २०२५ च्या दिवाळीत तो मिळाला नाही. मर्जी असेल तर शिधा, नसेल तर नाही. आनंद हा पिशवीवर छापण्याचा शब्द ठरला. शिधावाटप दुकानातून सणाआधी रास्त भावाने तेल, डाळ, साखर मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, ही १९७२ च्या बायकांची भाषा होती. ती भाषा सोडून आपण कृपेच्या पिशवीची वाट पाहू लागलो, येथेच आपली पीछेहाट झाली.

ताट कोणत्या उंबरठ्यापर्यंत?

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग फराळच बंद करा. तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. चार घरची ताटे चार घरी जाणे, रुमालाखाली झाकलेल्या ताटात प्रत्येक घराची निराळी चकली असणे, आणि ताट रिकामे परत न करणे, ही आपल्या समाजात उरलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. बाजारात देवघेव होते ती पैशाने, आणि पैसे दिले की नाते संपते. ताटाच्या देवघेवीत नाते तेथून सुरू होते. समाजवाद्याने हिचा द्वेष का करावा? त्याने एवढेच विचारावे की, हे ताट कोठवर जाते?

बहुतेक ताटे आपल्या जातीच्या, फार तर आपल्या इमारतीच्या उंबरठ्यावर थांबतात. अस्पृश्यतेच्या काळात दलितवस्तीत ताट जात नसे. उरलेसुरले वरून टाकले जाई. म्हणूनच समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांना चळवळीचे रूप दिले. एका पंक्तीला बसून झुणका खाणे हे त्या वेळी बंड होते. आज उघड बंदी नाही. पण कोणत्या घरी द्यायचे आणि कोणाच्या घरचे खायचे, याचा मुकाट हिशेब पुष्कळ घरांत अजून चालतो.

दुसऱ्या बाजूला, ताटाने मोठे उंबरठेही ओलांडले आहेत. नानखटाईचेच पाहा. घरात भट्टी नसे, म्हणून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दिवाळीच्या आधी लोक मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यात भरून जवळच्या बेकरीत नेत. पत्र्याच्या तबकांत गोळे मांडत आणि भट्टीवाला ते भाजून देई. त्या अनेक भट्ट्या इराण्यांच्या किंवा मुसलमानांच्या होत्या, आणि भाजणारे हात उत्तरेतून पोटासाठी आलेल्या कारागिरांचे होते. हिंदू घराच्या दिवाळीचे ताट अशा भट्टीतून निघाल्यावाचून पुरे होत नव्हते, आणि त्यात कोणाचा धर्म बुडाला नाही. गोव्यात नाताळाला ख्रिस्ती घरांतून दोदोल, नेवऱ्या आणि बिबिंका हिंदू शेजाऱ्यांकडे जातात आणि चवथीच्या नेवऱ्या उलट दिशेने येतात. आज सणासुदीला ‘अमक्या धर्माच्या दुकानातून घेऊ नका’ असे संदेश घरोघर फिरविले जातात. त्यांना उत्तर सभेत द्यायला हवेच. पण ताटानेही द्यायला हवे. जो कार्यकर्ता धर्मनिरपेक्षतेवर तासभर बोलतो, त्याच्या घरचे ताट पलीकडच्या मोहल्ल्यात जाते काय, हे विचारण्याचा लोकांना अधिकार आहे.

काय करायचे?

हे सारे स्वप्नरंजन नाही, याचे दाखले आपल्या डोळ्यांसमोर आहेत. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतमध्ये पापड लाटणारी बाई नोकर नसून भागीदार असते, हे तत्त्व त्यांनी पाळले. गिरणगावात गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या सावकाराच्या पाशात होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारात नेऊन उभे केले. पुण्याच्या व्यापाऱ्यांची संघटना दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते. व्यापारी जे करू शकतात, ते समाजवाद्यांना जमू नये?

म्हणून येत्या दिवाळीआधी प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली: वस्तीत सामुदायिक फराळ करावा. माल सहकारी भांडारातून किंवा थेट शेतकरी गटाकडून एकत्र आणावा. भाजणे, तळणे, भांडी घासणे यांत पुरुषांचा वाटा स्त्रियांइतकाच असावा आणि कोणी किती तास काम केले ते फळ्यावर लिहावे. फळा खोटे बोलत नाही. ज्याला पैसे देणे शक्य नाही, त्याने काम द्यावे. ज्याला दोन्ही शक्य नाही, त्याच्या घरी ताट आधी जावे.

दुसरी: पक्षाच्या शिबिरांना, सभांना आणि आपल्या घरांना विकतचा फराळ लागणार असेल, तर तो बचत गटाकडून किंवा सहकारी संस्थेकडूनच घ्यावा, आणि करणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळाले हे विचारल्यावाचून घेऊ नये. पाकिटावर वजन छापतात, तारीख छापतात. मजुरीही छापावी, ही मागणी आपण करू.

तिसरी: घरकाम करणाऱ्या बाईला एका महिन्याचे वेतन दिवाळीला द्यावे. पक्षाच्या सभासदाने याला अपवाद मागू नये. चौथी: वस्तीतल्या घरी बसून काम करणाऱ्या बायकांची यादी करावी, त्यांची असंघटित कामगार म्हणून नोंदणी करवून घ्यावी आणि त्यांच्यासाठी किमान दराची मागणी लावून धरावी. पाचवी: शिधावाटप कचेरीवर दिवाळीच्या आधी महिनाभर मोर्चा न्यावा. लाटणी अजून घरात आहेत.

संस्कृतीचे रखवालदार आणि बाजाराचे दलाल यांचे भांडण पुरवण्यांत चालू राहील. त्या भांडणात आपण कोणाचीच बाजू घेऊ नये. घरची चकली की दुकानची, हा प्रश्न आपला नव्हे. ती करणारीला विसावा आणि दाम मिळाला की नाही, आणि तिचे ताट ज्या घरात कोणी फिरकत नाही तेथवर पोहोचले की नाही, हे दोन प्रश्न आपले आहेत. शाखांच्या दिवाळीनंतरच्या बैठकीत या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदवून घ्यावीत.